कोरी चादर

मंगळवारी आम्ही चौघीजणी सरकारी दवाखान्यात जायचो. शेजारच्या वहिनींनी मला ओढून नेलं, तिथून सुरू झालं. बाकीच्या तिघी पेशंटशी बोलायच्या, डॉक्टरांना विचारायच्या. मी पेज वाढायची अन् भांडी विसळायची. बोलायची वेळ आली की मी वहिनींना पुढं करायची.

थंडी होती. एका कापडवाल्यानं पांढऱ्या मांजरपाटाचा तागा दिला. आम्ही तो फाडून चादरी केल्या अन् ज्यांच्याजवळ पांघरूण नव्हतं त्यांच्या अंगावर घातल्या. त्यात चामोर्शीकडची एक सून होती. हिवतापानं तिच्या अंगातलं रक्त आटलं होतं. रक्ताची बाटली आज चढली तर वाचेल, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. नवरा खाली रक्त द्यायला गेला होता. ती झोपली होती, म्हणून वहिनींनी चादर गळ्यापर्यंत ओढून चारी बाजूंनी नीट खोचली.

भांडी विसळून आले तर खाट रिकामी. शेजारची पेशंट म्हणाली, सासू तिला घरी घेऊन गेली. वहिनी कुठे दिसेनात. नर्सबाई दुसऱ्या पेशंटला धरून उभ्या. मी ओल्या हातानंच जिना उतरले.

फाटकाजवळ सासू रिक्षावाल्याशी घासाघीस करत होती. सून भिंतीला टेकलेली, मान छातीवर पडलेली. मी विचारलं, कुठे नेता?

"घरी. तुमीच कोरं कापड टाकलं तिच्या अंगावर, अन् आता मले इचारून राह्यली?"

तेव्हा मला समजलं. आमच्यातही कफन असंच असतं, कोरं, पांढरं, न शिवलेलं. ते आमच्या चौघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हातारीला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले अन् आम्ही तयारीला लागलो. मरायचंच तर आपल्या दारात मरू दे.

थंडीसाठी घातली, असं मी दोनदा सांगितलं. तिला पटेना. रिक्षावाला घाई करू लागला, मूल गावाला जाणारी गाडी सुटेल म्हणे.

"माय, तुया पोरगा आत रक्त देऊन राह्यला," मी म्हटलं. "मरणाऱ्यासाठी डॉक्टर जित्या माणसाचं रक्त काढते का?"

तिनं सुनेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू बसशीन तिच्यापाशी?"

तिला परत वर खाटेवर नेऊन मी जवळ बसले. बाटली लागली. थेंब पडतो की थांबला, हेच पाहत राहिले. वहिनी घरी चला म्हणून बोलावून गेल्या. घरी चूल थंड असेल, माझा माणूस रागावेल. मी जरा हलले की म्हातारी माझा पदर धरायची. ती स्वतः मात्र बसेना. घडीघडी सुनेच्या नाकाशी हात न्यायची.

दिवे लागले तेव्हा सुनेनं डोळे उघडले. नवऱ्याला शोधत म्हणाली, "थो कुठी हाय?"

"खाली च्या पिऊन राह्यला नवाब," म्हातारी म्हणाली, अन् माझा पदर सोडला.