पालखीपुढचा घाम

माझा डावा स्तन मुंबईच्या डॉक्टरांनी काढला तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडेच होते. रोग पुन्हा उठू नये म्हणून किरण देऊन पाळीही थांबवली आणि म्हणाले, घरी जा, आराम कर. आराम कसला? बसल्या बसल्या छातीतून जाळ उठे, मानेवरून डोक्यात जाई आणि चोळी घामाने चिंब होई. बसले तर उठावंसं वाटे, उठले तर कुठं जावं ते कळेना. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालता घालता मी टोपली टाकून खाडीत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राही. बाया हसत. त्यांना हसायला काय जातंय?

सासूबाईंनी आमसुलाचं पाणी, सब्जा, मानेवर ओली फडकी, सगळं करून पाहिलं. "बाय, घडीभर टेक गो," म्हणत. मी त्यांच्यावरच खेकसे.

मग अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाळी गेलेल्या बायका घेतात त्या, म्हणाले. थोड्याच दिवसांत जाळ विझला. मी झोपू लागले, चवीनं जेवू लागले. पण मुंबईला तपासणीला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "जे हार्मोन रोगाला पोसतं म्हणून आम्ही किरणांनी बंद केलं, तेच तू बाहेरून पोटात घालतेस. रोग परत येईलच असं नाही, पण ही जोखीम घेऊ नकोस." सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. मला संताप आला. ज्याचं अंग भाजत नाही त्यानं खुशाल सांगावं. गोळ्या बंद केल्या आणि जाळ दुपटीनं परत आला. उरलेल्या गोळ्या काही मी टाकल्या नाहीत. रोज वाटे, एक घ्यावी, एकीनं काय होतंय?

चैत्रात गावदेवीची पालखी दारी आली. दुपारचं ऊन, धूप, कानाशी ढोल. आमच्याकडे पालखीपुढे बाई घामाघूम होऊन झुलू लागली की अंगात देवी आली म्हणतात. नेमका तेव्हाच जाळ उठला. मी पदर भिरकावला, केस सोडले. एका जागी उभं राहवेना. कुणीतरी मळवट भरला, नारळ फुटला. खाडीवर हसणाऱ्या त्याच बाया पाया पडून विचारू लागल्या, "आई, होडी कवा येल?" पाणी मागितलं तर अख्खी घागर डोक्यावर ओतली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग सासूबाई पुढे आल्या. त्यांनी पाय धरले नाहीत. पदरानं माझं तोंड पुसलं आणि कानाशी म्हणाल्या, "देवी न्हाय आली, मना ठाव हाय. तुजा जाल उठलाय."

"मग न्या ना मला आत."

"नेतंय. पन त्या गोल्या घेनार न्हाय, ह्या देवीपुढं बोल. मना तू जिती पायजेस. मंग माज्यावर वरड, दिसभर खाडीत उबी रव."

इतक्या दिवसांत माझ्या मरणाची भीती कुणी अशी उघड बोलून दाखवली नव्हती. मीसुद्धा नाही.

"न्हाय घेनार," मी म्हणाले आणि रडायला लागले. बायांना वाटलं देवी रडतेय. त्या घाबरून आणखी वाकल्या. सासूबाई तेवढ्या माझा हात धरून उभ्या राहिल्या.