ओलवाल्यांचं आकाश

अर्ध्या कपड्यांना नीळ देऊन झाली होती, तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले. "अगं, सदरे पिवळेच राहिले की. नीळ संपली का?" मी काही बोलायच्या आत यांनी बाटली उचलून भसकन बादलीत उपडी केली. सदरे शाळेच्या गणवेशासारखे निळे झाले आणि हे खुशीत म्हणाले, "आता कसे पांढरे दिसतात!" मला हसू आलं आणि मी सदरे तसेच दोरीवर टाकले.

बत्तीस वर्षांपूर्वी हे ब्रशांची एक पत्र्याची पेटी घेऊन या परक्या देशात उतरले. भाषेचा गंध नाही. सिनेमाच्या स्टुडिओत काम मिळालं ते रंगात मिसळायचा सरस उकळायचं. एकदा रंगारी आजारी पडला म्हणून यांनी एका कोऱ्या भिंतीवर जुनी ओल रंगवली. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक नळदुरुस्तीवाल्याला घेऊन हजर! तेव्हापासून यांचं नाव ओलवाले पडलं. पुढे तुरुंग, राजवाडे, स्टेशनं, सगळे सेट यांच्याच हातचे. रविवारी मात्र स्वतःसाठी निसर्गचित्रं. चित्र कुठलंही असो, मागे यांच्या गावची डावा खांदा उतरलेली टेकडी असायचीच. वाळवंटाच्या सिनेमातही ती उगवली, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, "ओलवाले, ही इथेही?" हे म्हणाले, "गावाकडची आहे साहेब, न बोलावता येते."

दुपारी मामांचा फोन आला. मामा म्हणजे यांच्या हाताखालचे जुने रंगारी.

"वहिनी, ते घरी आहेत का?"

"झोपलेत. का हो?"

"मग बरं. पहाटेच्या आकाशाचा ऐंशी फुटी पडदा त्यांनी रंगवून संपवलाय. पण तो पहाटेचा नाही वाटत. भर दुपारी शाई सांडल्यासारखा निळाकच्च झालाय. परवा शूटिंग. कॅमेरावाल्यांनी पाहिला, तर पुढचा सिनेमा ओलवाल्यांच्या हाती राहत नाही."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"ज्यांनी रंग कालवायला शिकवलं, त्यांना सांगू निळा चुकला म्हणून? जीभ रेटत नाही, वहिनी."

फोन ठेवला आणि दोरीवरच्या निळ्या सदऱ्यांकडे पाहिलं. देवापुढे बसले, पण जपाची माळ दोनदा चुकली. शेवटी सरळ म्हटलं, देवा, मला बोलायची बुद्धी दे आणि यांना ऐकायची. दुसरं जरा जड जाईल तुला, पण बघ.

चहा देताना यांच्या पेटीतल्या दोन ट्यूबा काढल्या, टोपणं उघडली आणि लेबलांवर कागद चिकटवला. "अहो, यातली काळी कुठली, निळी कुठली?"

"हा काय पोरखेळ? लेबल दाखव."

"लेबल नाही. रंग बघून सांगा."

यांनी ट्यूबा खिडकीपाशी नेल्या, डोळ्यांजवळ धरल्या, लांब धरल्या. चहावर साय धरली.

"मामांनी सांगितलं?"

"आकाश फार निळं झालंय म्हणाले."

हे एकदम चिडले. "त्या मामाला काय कळतं!" मग खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "वर्ष झालं. सगळं धुरकट पिवळं दिसतं. लेबलं वाचून चालवतोय."

"वर्षभर! मला सांगायला काय झालं होतं?"

"रंग न दिसणाऱ्या रंगाऱ्याला कोण उभं करतं गं? आणि डॉक्टर मोतीबिंदू म्हणणार, म्हणजे डोळ्याला सुरी. उरलंय तेवढंही गेलं तर?"

भीती मलाही तीच होती. मी म्हटलं, "आणि ऐंशी फूट आकाश परवा सगळ्यांनी पाहिलं तर?"

यांनी दोन्ही ट्यूबांची टोपणं घट्ट लावली. मग उठून स्वतःच मामांना फोन लावला. "मामा, उद्या दुपारी पडद्यावर पांढऱ्याचा पातळ हात मारायचा. मी नाही, तुम्ही मारायचा. थांबायचं कधी ते आमच्या घरातल्या येऊन सांगतील." पलीकडून मामा काहीतरी बोलले, तर हे खेकसले, "हो हो, त्यांना कळतं! माझ्यापेक्षा जास्त कळतं सध्या."

फोन ठेवून म्हणाले, "आणि तो दवाखाना सकाळीच उरकू." मी यांचे चष्म्याचे जुने कागद शोधायला कपाट उघडलं. उद्या सकाळी नऊला यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा आहे.