पायाजवळची पाटी

आमची व्हॅन चालता चालता बंद पडायची. चढावर नाही, गर्दीत नाही, चांगल्या सरळ रस्त्यावर. समोर पिवळा दिवा लागायचा, इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग मी मनसोक्त शिव्या घातल्या की थोड्या वेळानं आपणहून सुरू. तिच्या अशा वागण्यानं मी इतकी दमले होते, की कधी कधी वाटायचं, एकदाची कायमची तरी बंद पड.

पहाटे थळच्या किनाऱ्यावर मासळी भरायची, सासूबाईंना शेजारी बसवायचं, अलिबागच्या बाजारात सोडायचं आणि बाकीची मासळी हॉटेलांत पोचती करायची, हा माझा दिवस. नवरा कारखान्यात शिफ्टला, त्यामुळे गाडी माझ्याच गळ्यात. पाठ धरलेली असो की ताप असो, स्टिअरिंगला त्याचं काय.

पण खरी धास्ती होती ती सासूबाईंच्या जागेची. बाजारात ओट्याच्या टोकाला, दाराजवळ त्यांची जागा आहे. आधी त्यांच्या सासूची, मग त्यांची. तिला कागद नाही की पावती नाही. तिथला रिवाज एवढाच, की जागा बाईची नसते, तिच्या मासळीच्या पाटीची असते. रोज सकाळी पाटी टेकली तर जागा तुमची. काही दिवस टेकली नाही, तर दुसरी कुणी आपली टेकवते, आणि मग कितीही भांडा, उपयोग नसतो. थोडक्यात, गाडी गेली की जागा गेली.

मागे क्रेटची सोय होती, तरी सासूबाईंची पाटी कधी मागे गेली नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांची चांगली मासळी त्या स्वतः पाटीत रचायच्या, बर्फ टिकावा म्हणून वर जाडं मीठ टाकायच्या, ओलं गोणपाट घालायच्या आणि पाटी पुढे, आपल्या दोन पायांच्या मध्ये घेऊन बसायच्या. तरुणपणी एकदा कंडक्टरनं त्यांना पाटी एसटीच्या टपावर चढवायला लावली होती. वाटेत कुणीतरी ती उतरवून घेऊन गेलं. "पाटी नजरेसमोर पायजे," एवढंच त्या म्हणायच्या, आणि त्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

मेकॅनिकनं आधी प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप. मग कसला तरी सेन्सर. दर वेळी "आता टेन्शन नाय वहिनी" म्हणायचा, आणि दर वेळी मी पुन्हा रस्त्याच्या कडेला, मागे वितळता बर्फ आणि शेजारी घड्याळाकडे न बघता नुसत्या रस्त्याकडे बघणाऱ्या सासूबाई. शेवटी एका सकाळी ती काही केल्या सुरू होईना. दोरीनं ओढत गॅरेजात नेली.

तेव्हा कुठे त्यानं डाव्या सीटपुढची चटई काढली. खाली पत्र्याचं झाकण होतं, झाकणाखाली चपटा डबा. इंजिनाचा कॉम्प्युटर, तो म्हणाला, कधी किती पेट्रोल सोडायचं ते हा ठरवतो. त्यानं जोडणी उपसली. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, कडेनं पांढरं मीठ फुललं होतं, आणि एका कोपऱ्यात चक्क जिताड्याचा खवला चिकटला होता.

"वहिनी, गाडी समुद्रात घातली होती काय?"

मला कळलं होतं. रोज पहाटे पाटीतून ठिबकणारं ते मिठाचं पाणी चटईखालून थेट त्या डब्यावर जात होतं. मला सासूबाईंचा राग आला. खूप आला. घरी येऊन मात्र फक्त म्हणाले, "जुनी गाडी आहे, आई. कॉम्प्युटर गेलाय." त्यांनी मान हलवली.

कंपनीनं तो डबा बनवणं कधीच थांबवलं होतं. मेकॅनिकच्या ओळखीचा एक जण मुंबईत भंगारातल्या गाड्यांचे भाग विकायचा. तो आज देतो, उद्या देतो करत राहिला. तोवर मासळी मी पनवेलकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला देऊन टाकत होते. सासूबाईंना नेणार कोण? सहा आसनी रिक्षावाला ओली पाटी घेईना, सीट वास मारते म्हणे. जागेचं काय होणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं. त्यात सासूबाई रोज सकाळी नेसून निघायच्या. "बहिणीकडं बसून येतंय. घरात जीव रमत न्हाय." मला बरंच वाटलं. एक कटकट कमी.

अखेर डबा निघाला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं येणार होता, म्हणून मी रेवसला जाऊन जेट्टीवर उन्हात बसले. खलाशानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं हातात ठेवलं. ते मांडीवर घेऊन एसटीनं अलिबागला आले. गॅरेजला जाताना पाय आपोआप बाजाराकडे वळले. जागेवर कोण बसलंय ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं आणि मोकळं व्हावं, असं वाटलं.

जागेवर सासूबाई बसल्या होत्या.

पुढ्यात पाटी, पाटीवर ओलं गोणपाट. एका बाईनं विचारलं, "जिताडा आहे का, मावशी?"

"संपला बाय. उद्या ये."

वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं गोणपाटाचं टोक उचललं गेलं. पाटी रिकामी होती. रिक्षावाला रिकाम्या पाटीला नाही म्हणत नव्हता, म्हणून त्या रोज आमच्या नकळत रिकामी पाटी घेऊन येत होत्या आणि मासळीच्या वासात, विकणाऱ्या बायांच्या मध्ये, दिवसभर तिच्यामागे बसत होत्या. आजूबाजूच्या सगळ्यांना कळत असणार. कुणी काही म्हणत नव्हतं. मी खांबाआड उभी राहिले. मला रडू आलं. त्यांनी मला सांगितलं नाही याचा रागही आला, आणि या सगळ्याचा, गाडीचा, मासळीचा, पहाटे उठण्याचा इतका कंटाळा आला, की तिथंच खाली बसावंसं वाटलं.

गॅरेजात मेकॅनिकनं पुडकं सोडलं. "बसवतो. पण पाटी मागं ठेवायची. नायतर हा पण मरंल."

"पाटी हलणार नाही," मी म्हणाले. "डबा हलवा."

"वायर पुरत नाय, वहिनी."

"जोडून वाढवा."

तो कुरकुरला, पण माझ्या तोंडाकडे बघून कामाला लागला. डबा वर, डॅशबोर्डाच्या आत बांधला. मग लॅपटॉप लावून नव्या डब्याला आमच्या चावीची ओळख करून देणं चाललं. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं, पिवळा दिवा विझला. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी भरलेली पाटी उचलली, सीटवर बसल्या आणि पाटी मांडीवर घेतली. पाणी पातळात झिरपत होतं. मी चटईकडे पाहिलं. ती नीट बसलेली नव्हती, झाकणाच्या कडेला नवा रबर दिसत होता. पाटीच्या पाण्यानंच डबा गेला, हे त्यांनी ओळखलं होतं.

"खाली ठेवा, आई."

"नको. गाडी चालू दे. पाणी खाली गेलं, ती परत बंद पडली, तर जागा जायची."

मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, पाटी त्यांच्या मांडीवरून उचलून खाली, त्यांच्या दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि गोणपाट नीट केलं.

"डबा आता वर बांधलाय. आणि यापुढे बाजारात रिकाम्या पाटीमागे बसायचं नाही."

मग त्यांचे पाय सरकले आणि पाटीला दोन्हीकडून टेकले. मी गाडी सुरू केली.