गुरुजी अकरा ठिकाणी थकबाकीत

"माझं नाव ह्या यादीत कुणी घातलं ते आत्ताच्या आत्ता शोधा! न्हायतर मलाच आत टाका!"

गुरुजी ओरडतच ठाण्यात शिरले, हातातला कागद फडकावत. आवाज असा, की कोठडीतले दोन पाकीटमार हजेरी समजून ताडकन उभे राहिले आणि वायरलेसवरचा शिपाई पुण्याला 'ओव्हर' म्हणायचं विसरला. नव्वदच्या दशकातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात फौजदार म्हणून नेमणूक होती, बुडाखाली राजदूत फटफटी होती आणि एका बैठकीत डझनभर भाकरी मोडायची ताकद होती.

गुरुजी सांगवीचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त. टपरीवरचा चहासुद्धा उधार न पिणारा माणूस. त्यांच्या लेकीनं फार्मसीची पदविका घेऊन इंदापुरात मेडिकलसाठी गाळा ठरवला होता. बँकेचं कर्ज होत आलं होतं, जामीन अर्थातच वडील. तेवढ्यात एका पतसंस्थेनं सगळीकडं वाटलेली थकबाकीची यादी मॅनेजरच्या टेबलावर आली. कुणा भलत्याच कर्जदाराचे जामीनदार म्हणून तीत गुरुजींचं नाव! शुक्रवारपर्यंत ते निघालं नाही, तर गाळा दुसऱ्याला जाणार होता.

"गुरुजी, बसा. पाणी घ्या."

"पानी नको. नाव काढा."

गुरुजींना घेऊन पतसंस्थेत गेलो. सचिव निवांत पान चघळत होता.

"जामीनदाराची सही समोर बसवून घेतली?"

"व्हय साहेब. ह्याच खुर्चीत. अकरा वाजता. च्या बी पाजला."

कर्जरोख्यावरची तारीख पाहून माझा हवालदार कानाशी लागला, "साहेब, त्या दिवशी गुरुजी आपले पंच हुते. काटेवाडीला, मोटरचोरीच्या पंचनाम्यात."

मी ठाण्यातून पंचनाम्याची कार्बन प्रत मागवली. वेळ दहा ते एक, खाली गुरुजींची ठसठशीत सही. ती प्रत टेबलावर अशी आपटली, की सचिवाचं पान नरड्यात अडकलं.

"गुरुजी काय आकाशवाणी आहेत का रे, दोन गावांत एकदम लागायला?"

सचिव घामानं निथळला. "चुकलं साहेब. गुरुजी पेन्शनवाले, सरळ मानूस. समद्यांना तेच जामीन असत्यात. कर्जदार म्हनला, जामीनदाराला मागनं आनतो. मी सवयीनं त्यांचंच नाव घातलं. मग तो आलाच न्हाय, म्हनून सही बी मीच वढली."

पतसंस्थेच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथं नाव कमी केल्याचं पत्र दिलं. मी मिशीला पीळ दिला. पण गुरुजी उठेनात.

"यादीच्या प्रती किती वाटल्या?"

"अकरा," सचिव म्हणाला.

"मग अकरा ठिकाणी नाव खोडायचं. शिक्का मारून. आणि मी बघणार."

तीन दिवस गुरुजी माझ्या राजदूतवर मागं बसून फिरले. कोऱ्हाळ्यापासून इंदापूरपर्यंत आम्ही इतकी धूळ खाल्ली, की तिच्यावर एकराचं पीक निघालं असतं. एका सोसायटीत कारकुनानं घाईत खालच्याच माणसाचं नाव खोडलं. गुरुजींनी चष्मा पुसला, त्याचं नाव पुन्हा लिहायला लावलं आणि मग आपलं खोडून घेतलं. शुक्रवारी दुपारी अकरावा शिक्का बँकेत बसला. लेकीला कर्ज मिळालं. दुकानाच्या उद्‌घाटनाचे पेढे मी किती खाल्ले, ते विचारू नका.

चोर शंभर पकडले असतील, पण ह्या प्रकरणानं शिकवलं ते वेगळंच. खोट्या माणसाचं नाव लोक जपून लिहितात. सज्जनाचं बिनधास्त लिहितात, कारण तो विचारायला येत नाही. म्हणून आपल्या नावावर कुठं काय लिहिलंय, ते अधूनमधून स्वतः जाऊन वाचावं. आणि दुरुस्ती मूळ कागदावर झाली म्हणून थांबू नये. चूक जिथं जिथं पोचली, तिथवर जावं.

एवढं शहाणपण मी त्याच शुक्रवारी संध्याकाळी गुरुजींना ऐकवलं. सचिवावर गुन्हा नोंदवायचा होता, म्हणून त्यांचा जबाब घेत होतो. मी ऐटीत म्हणालो, "लिहितो हं, सदर दिवशी मी काटेवाडी येथे पंच म्हणून हजर होतो."

गुरुजी माझ्याकडं बघत म्हणाले, "तितं बी मी नव्हतो साहेब. ती सही तुमच्या हवालदारानं चार दिवसांनी बाजारात घेतली."