काकांचे मऊ टायर

आमचे काका खिडक्यांच्या काचा पिकअपमधून पोचवतात. मालकाने मोजून दिलेल्या काचा ते पुन्हा मोजतात. डॉक्टरांनी गोळी दिली तरी आधी पाकिटावरची तारीख वाचतात. घरात आम्ही त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणतो, अर्थात पाठीमागे. काकू मात्र तीस वर्षं काही न विचारता गाडीत त्यांच्या शेजारी बसत आली. मालावर नजर ठेवायची, पट्टा सैल झाला की सांगायचं, हे तिचं काम. मी त्यांचा पुतण्या, काचा कापतो आणि गरज पडली की उतरवायला सोबत जातो.

मध्यंतरी पिकअपचे टायर गुळगुळीत झाले. टायरवाल्याने दोन प्रकार दाखवले. एक मोटारीचा, मऊ. दुसरा छोट्या ट्रकचा, जाड बाजूंचा आणि महाग.

"काका, तुम्ही ओझं वाहता," टायरवाला म्हणाला. " हा जाड घ्या."

झालं! काकांच्या भुवया वर. "महाग तोच बरा कसा? मी काचा नेतो, दगड नाही. कडक टायरवर आदळून फुटल्या तर तू भरून देणार?"

"काचांखाली गादी घाला. पण मोटारीचा टायर पिकअपला लावला की त्याची ताकद दहा टक्के कमी धरायची असते."

"कुठं लिहिलंय? दाखव."

टायरवर तसं काही नव्हतं. एका टायरची ताकद साडेसातशे किलो, एवढंच लिहिलेलं. काकांनी चारने गुणलं, तीन टन झाले. गाडी मालासकट एकोणतीसशे. "पाणी कुठं मुरतंय ते कळलं," असं म्हणत त्यांनी मऊ टायर बसवून घेतले. खोटं कशाला बोलू, मलाही तो टायरवाला लबाडच वाटला. घराण्याचा गुण, दुसरं काय!

पंधरा दिवस एकही काच तडकली नाही. काका मिशीत हसत होते. वळणावर गाडीची मागची बाजू डुलायची आणि काकू दाराची मूठ घट्ट धरायची. "रस्ताच वाकडा," काका म्हणायचे.

मग एका दुपारी माल उतरवायला थांबलो तेव्हा काकूने मागच्या टायरला तळहात लावला आणि झटकन काढला. पुढचे टायर कोमट होते, मागचे दोन्ही चटका देणारे.

"ऊन आहे," काका म्हणाले.

"ऊन काय फक्त मागच्या चाकांवर पडतं?"

"मग त्या टायरवाल्याने खराब टायर दिले. मला वाटलंच होतं."

"अहो, काचांचं स्टँड मागे आहे. तुम्ही वजन चारही चाकांना सारखं वाटलंत. काचा वाटून बसतात का?" काकू म्हणाली. "सगळ्या जगावर संशय घेता. एकदा तरी स्वतःवर घ्यायचा. मी डोळे मिटून शेजारी बसत होते हो."

तिने सीटवरची पिशवी उचलली आणि बसने घरी गेली. काका रिकाम्या सीटकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिकामी गाडी हळूहळू चालवत काका थेट टायरवाल्याकडे गेले. जाड टायर बसवले, हवा किती भरायची तेही त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि स्टँडखाली दुहेरी गादी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गाडीपाशी आली. बसण्याआधी वाकून मागच्या टायरला हात लावला.

"अगं, गाडी अजून हललीही नाही," काका म्हणाले. "नव्या टायरवर विश्वास नाही का?"

"टायरवर आहे."

 काका काचांच्या पावतीमागे मांडलेला हिशोब माझ्यापुढे धरून हळूच म्हणाले, "बघ रे जरा, मी मागच्या चाकांवर धरलेलं वजन चुकलंय का?"