रुखवतातला संसार

लग्नानंतर लवकरच माझा घटस्फोट झाला आणि मी नगरला आईकडे परत आले. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. संध्याकाळी घरी आले की काय करायचं हा प्रश्न असायचा. आई टीव्ही लावून बसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचे. अशाच एका संध्याकाळी मोबाईलवर एक बाई मातीसारख्या कशाचीतरी नखाएवढी भाकरी करताना दिसली. ती पॉलिमर क्ले होती, हे नंतर कळलं. मी एक पाकीट मागवलं.

पहिले काही महिने माझ्या हातून नीट काही झालं नाही. क्ले कणकेसारखी मळावी लागते, पण ती कणीक नव्हे. मळली नाही तर तडे जातात, जास्त मळली तर हाताला चिकटते. पांढऱ्या रंगावर ओढणीचा एखादा धागा बसला की निघत नाही. आकार झाला की ओव्हनमध्ये भाजायचा. मी कानातल्यांची पहिली जोडी इतकी भाजली, की ती गुळाच्या रंगाची झाली. आईनं नाक धरून खिडक्या उघडल्या.

"ज्यात नानकटाई करायची त्यात प्लास्टिक भाजतेस?" ती म्हणाली.

मग मी कुणीतरी टाकून दिलेला एक छोटा ओव्हन आणला आणि मागच्या गॅलरीत ठेवला. लाटायला स्टीलचा गुळगुळीत ग्लास, कापायला ब्लेड, टोकं काढायला टूथपिक. उन्हाळ्यात क्ले लोण्यासारखी ढिली पडायची, तेव्हा डबीत घालून फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवायची. हळूहळू हात बसत गेला. बोटभर उंचीचं तुळशीवृंदावन जमलं, त्या दिवशी मी ते उशाशी ठेवून झोपले.

माझी थोरली बहीण तिसगावला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न पारनेरच्या घरात ठरलं. ही भाची माझ्या फार जवळची होती. कॉलेजला असताना आमच्याकडेच राहिली होती, आता नोकरी करत होती. गॅलरीतल्या वस्तू तिनं पाहिल्या आणि म्हणाली, "मावशी, माझं रुखवत तू कर. सगळ्यांच्या रुखवतात तेच ते असतं, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी आणि लोकरीचे रुमाल. मला अख्खा संसार करून दे, छोटासा."

मी करून दिला. चूल, तवा, त्यावर टम्म फुगलेली भाकरी, पाटा-वरवंटा, जातं, उतरंड, पुरणपोळीचं ताट, पाळणा. कुठे भाजताना बुडबुडे आले, कुठे रंग उतरला, मोडून पुन्हा केलं. सुट्टीच्या दिवशी भाची येऊन बसायची. "चुलीत निखारे हवेत," म्हणायची. मी केशरी आणि काळी क्ले मिसळून निखारे केले. इतकं मन लावून मी माझ्या स्वतःच्या संसारातही काही मांडलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सगळं कापसात गुंडाळून, खोकी मांडीवर घेऊन मी एसटीनं तिसगावला गेले. कार्यालयात टेबलावर लाल कापड अंथरून एकेक वस्तू मांडली. शेवटची उतरंड ठेवत होते, तेवढ्यात ताई आली आणि मला पडद्याआड घेऊन गेली.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "हे तू केलंस असं कुणाला सांगू नकोस."

"का?"

"तिच्या सासरची माणसं जुन्या वळणाची आहेत. रुखवताला असा हात लागलेला त्यांना चालायचा नाही."

"असा म्हणजे कसा?"

ती माझ्याकडे न बघता पदर नीट करत राहिली. "तुला कळतंय. उगीच वदवून घेऊ नकोस. आणि टेबलापाशी थांबू नकोस, लोक विचारत बसतील."

मी मागच्या रांगेत जाऊन बसले. थोड्या वेळानं वराकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. नवरदेवाच्या आजीनं तव्यावरची भाकरी चिमटीत धरून पाहिली.

"खरी वाटती की. कुनी केलं हे?"

"आमच्या पोरीनंच," ताई म्हणाली. "नोकरी सांभाळून केलंय सगळं."

"लई गुणाची पोर हाय," म्हातारी म्हणाली.

भाची शेजारीच हिरव्या शालूत उभी होती. तिनं मान वर केली, मी कुठे आहे ते शोधलं, आमची नजर मिळाली आणि तिनं खाली बघितलं. ताईचं बोलणं मला लागलं होतं, पण ते मी गिळलं असतं. तिचं खाली बघणं मला गिळता आलं नाही.

एवढ्यात कुणीतरी जात्याचा खुंटा धरून ते फिरवायला गेलं आणि खुंटा हातात आला. तो नीट भाजला गेला नव्हता, चूक माझीच. ताईनं मला खुणेनं बोलावलं. पडद्याआड उभं राहून मी डिंक लावून खुंटा बसवला, ताईनं जातं पदराखाली झाकून नेलं आणि मी पुन्हा मागं जाऊन बसले. जेवण झाल्यावर निघाले. पाठवणीला थांबले नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, सासूबाईंच्या मैत्रिणीच्या घरी लग्न आहे. त्यांना अगदी तसंच रुखवत हवंय. सासूबाईंनी माझ्या वतीनं हो म्हणून टाकलंय. करून देशील?"

"मावशीनं केलं होतं, म्हणून सांग त्यांना."

"आता कसं सांगू? आई खोटं बोलली असं होईल."

"मग इकडे ये. मी शिकवते, तू कर."

"मला कुठे वेळ असतो, मावशी?"

मी नाही म्हणाले. आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ताईचा फोन आला.

"चार वस्तू करायला तुझं काय जातंय?" ती म्हणाली. "सासरी तोंडघशी पाडायचंय का पोरीला? स्वतःचा संसार टिकला नाही म्हणून दुसऱ्याचाही टिकू द्यायचा नाही, असं आहे का?"

ऑफिसात शिपाईमावशी खिडक्या लावत होत्या. मी "ठेवते" म्हणाले आणि फोन ठेवला. आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "करून द्यायचं होतंस गं. पोरीचं नाव झालं असतं. तुला नाव घेऊन काय करायचंय?"

त्यानंतर ताईचा फोन आला, की आई तो घेऊन आतल्या खोलीत जायला लागली. भाचीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आईला आलं, मला नाही. आई सकाळी आवरून तयार झाली. तिला पारनेरच्या गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. गाडी हलताना ती खिडकीतून म्हणाली, "तुझी आठवण काढतील सगळे."

संध्याकाळी ती परत आली. दमली होती. मी पाणी दिलं आणि मागच्या गॅलरीत जाऊन क्ले मळायला घेतली.