तरवडाचा काढा

माझ्या भावजयीच्या हाताला गुण आहे, हे आमच्या गावाने ठरवूनच टाकलं होतं. नरडाण्याकडच्या मुरमाड माळावर तरवड पिवळाधमक फुलला की ऊन चढायच्या आत ती ओटीभर फुलं खुडून आणी, सावलीत वाळवी आणि रोज सकाळी माझ्या आईला त्यांचा काढा करून देई. आईला मधुमेह होता. मी धुळ्याला दवाखान्यात नर्स, दर महिन्याला एसटीचे धक्के खात गोळ्या पोचवायची. साखर उतरली की आई गल्लीभर सांगे, "बठ्ठा गुण तरवडना शे, आन् मनी सूनना हातना."

पिकतं तिथे विकत नाही, हे ठाऊक होतं. पण माझ्या तोंडावर सुनेचं एवढं कौतुक? तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या झुडपाला शेळीही तोंड लावत नाही, त्याने मला हरवलं होतं.

शेवटी एका दिवाळीनंतर मी आईला धुळ्याला आणलं. काढा बंद, नुसत्या गोळ्या. कुणाचा गुण ते एकदा दिसू दे, म्हटलं. आठ दिवसांनी तिची लघवी निळ्या औषधात घालून नळी स्टोव्हवर धरली. निळं राहायला हवं होतं, ते विटकरी लाल झालं. साखर भरपूर वाढली होती.

मी आईची चंची उलटी केली. सुपारीबरोबर आठ दिवसांच्या गोळ्या खाली पडल्या.

"ती काढासंगे देस, तवय उतरस," आई म्हणाली. "नही तं गोयी गयामा अडकस."

म्हणजे माझ्या गोळ्या ती घेत होती, पण भावजयीच्या हातून. मी रडले, आणि मग निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने भावजय फुलांची पुरचुंडी घेऊन आली. तिने कप पुढे केला, गोळी दिली. आईने लहान मुलासारखी गिळली. मी दारातून बघत होते.

पाचव्या दिवशी मी पुन्हा नळी तापवली. रंग हिरव्यावर आला होता, म्हणजे साखर बरीच उतरली होती. भावजय काळजीने मागे येऊन उभी राहिली.

"रंग कसा उना, अक्का?"

"नीट दिसत नाही अजून," मी म्हणाले, आणि नळी मोरीत ओतली.